वाचक विचारतात: टीएमएसमध्ये लेन काढायच्या तरी कशा?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर आहेत. कंपनीने ट्रान्सपोर्टेशन मॅनेजमेंट सॉफ्टवेअर म्हणजे टीएमएस घेतलंय आणि आता लेन मास्टर (माल कुठून कुठे जातो त्या प्रत्येक जोडीची, म्हणजे लेनची, यादी) भरायचंय, ते कसं भरायचं. पहिल्या पत्राचं उत्तर लांब झालंय, पण बाकीच्या उत्तरांचा पाया तिथेच आहे म्हणून आधी ते वाचा.

प्रश्न: नमस्कार. मी चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कारखान्यात डिस्पॅच बघतो. आमचे दोन प्लांट, भिवंडीला एक गोदाम आणि साधारण दीडशे ग्राहक आहेत. नवीन टीएमएससाठी कन्सल्टंटने एक एक्सेल दिलंय, त्यात सोर्स, डेस्टिनेशन, मोड (रस्ता, रेल्वे वगैरे), गाडीचा प्रकार, ट्रान्सपोर्टर, ट्रान्झिट टाइम (पोचायला लागणारा वेळ) आणि रेट असे कॉलम आहेत. आयटीवाले म्हणतात प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक ठिकाणी ओळ टाका. आम्ही भरायला घेतलं तर हजारो ओळी होतायत आणि महिनाभरात कुठला रेट कुठे बदलायचा तेच कळणार नाही असं वाटतंय. दुसरा काही मार्ग आहे का?

उत्तर: आहे, आणि तुम्हाला जे वाटतंय ते अगदी बरोबर आहे. आधी सॉफ्टवेअर लेन वापरतं कशी ते बघू, मग किती काढायच्या ते आपोआप लक्षात येईल.

तुमच्या ईआरपीमधून, म्हणजे कंपनीच्या ऑर्डर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून, ऑर्डर टीएमएसला येते, तिच्यावर माल कुठून उचलायचा, कुठे उतरवायचा, कधी आणि किती वजनाचा एवढं असतं. सॉफ्टवेअर लेनच्या यादीत शोधतं की या दोन टोकांना लागू पडणारी ओळ कुठली, आणि ती सापडली की तिला जोडलेला मोड, गाडी, ट्रान्सपोर्टर, वेळ आणि भाडं उचलून गाडीचा प्लॅन बनवतं. ओळ सापडली नाही तर ऑर्डर अनप्लॅन्ड म्हणून तशीच पडून राहते, संध्याकाळी माल पॅक होऊन डॉकवर उभा असतो, मग कुणीतरी ओळखीच्या ट्रान्सपोर्टरला फोन लावतं आणि जो सांगेल त्या भाड्याने गाडी लागते. लेन मास्टर कच्चं राहिलं की एवढं महागाचं सॉफ्टवेअर घेऊनही काम फोनवरच चालतं, आणि ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण चूक सॉफ्टवेअरची नसते.

आता मुख्य गोष्ट. लेनचं टोक म्हणजे नेमका पत्ताच असला पाहिजे असं काही नाही. टोक एक ठिकाण असू शकतं, एक पिनकोड, पिनकोडची रेंज, एक शहर, तुम्ही स्वतः बनवलेला झोन, नाहीतर अख्खं राज्यसुद्धा. एसएपी टीएममध्ये ट्रान्सपोर्टेशन लेन दोन लोकेशनमध्ये काढता येते तशी दोन झोनमध्येही काढता येते, ओरॅकलच्या टीएमएसमध्ये एक्स-लेन असते आणि तिची दोन्ही टोकं अशीच वेगवेगळ्या पातळीवर ठेवता येतात, शिवाय तीच एक्स-लेन रेटलाही वापरता येते आणि आयटिनररीलाही, म्हणजे मालाच्या ठरलेल्या प्रवासमार्गालाही. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर नावं वेगळी असतील, पण ही सोय बहुतेक सगळ्यांत असते.

तुमच्या ओळी हजारोंवर का गेल्या ते बघा. तीन सोर्स गुणिले दीडशे ग्राहक म्हणजे ४५०. तुम्ही प्रत्येकाला चार प्रकारच्या गाड्या लावल्या, १८०० झाल्या. मग तीन-तीन ट्रान्सपोर्टर, ५४००. पण गाडी आणि ट्रान्सपोर्टर हे लेनच्या पोटात यायला हवेत, लेनची ओळ त्यांच्यामुळे वाढायला नको. लेन एकच, तिच्याखाली ३२ फुटी सिंगल ॲक्सल, ३२ फुटी मल्टी ॲक्सल, १९ फुटी असे पर्याय आणि प्रत्येकाखाली ट्रान्सपोर्टर आणि त्याचा रेट. कन्सल्टंटने सपाट एक्सेल दिलं असेल कारण अपलोड करायला ते सोपं पडतं, त्यांना स्पष्ट सांगा की लेनची शीट वेगळी आणि रेटची शीट वेगळी द्या.

राहिल्या ४५०. त्यातल्याही बऱ्याच झोनमध्ये जातील. झोन कसा ठरवायचा, तर जिथे ट्रान्सपोर्टर एकच भाडं सांगतो आणि गाडी साधारण एकाच वेळात पोचते तो एक झोन. हे नकाशावर बसून ठरत नाही. गेल्या वर्षभराची ट्रान्सपोर्टची बिलं काढा, डेस्टिनेशनप्रमाणे लावा आणि कुठे कुठे एकच रेट लागलाय ते बघा, झोन तिथेच दिसतात. मग ती यादी तुमच्या गाड्या लावणाऱ्या माणसाला दाखवा, तो दहा मिनिटांत सांगेल की साहेब हे दोन एकत्र चालणार नाहीत. छत्रपती संभाजीनगरचंच घ्या, वाळूज पुण्याकडून जाताना शहराच्या अलीकडे लागतं आणि शेंद्रा शहर ओलांडून जालना रोडला आहे. मास्टरमध्ये दोन्हीपुढे शहर म्हणून एकच नाव असतं, पण ड्रायव्हरला आणि भाड्याला तो फरक पक्का माहीत असतो.

पिनकोडवरून झोन करायचा मोह होतो, आणि सुरुवात म्हणून ते चांगलंच आहे. आपला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, आणि पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाचा सॉर्टिंग जिल्हा कळतो ही त्याची खुबी. पण तो टपालासाठी बनवलेला आहे, ट्रकसाठी नाही. तुमच्याच चाकणचं बघा. चाकण ४१०५०१, जुन्नर ४१०५०२, लोणावळा ४१०४०१, आणि पनवेल ४१०२०६. पहिले तीन आकडे सगळ्यांचे ४१०! म्हणजे कुणी ४१० हा एक झोन करून टाकला तर घाटावरचं चाकण आणि घाटाखालचं पनवेल एका भाड्यात बसतात, आणि मधला बोरघाट सॉफ्टवेअरला दिसतच नाही. असं झालं की चाकणहून पनवेलला जाणारी ऑर्डर लोकल म्हणून प्लॅन होते, ट्रान्सपोर्टर गाडी पाठवायला नकार देतो आणि भांडण डिस्पॅचच्या टेबलावर येतं. म्हणून आकड्यांची रेंज लावायची तर ४१०२ वेगळा, ४१०४ वेगळा, ४१०५ वेगळा असं चार आकड्यांपर्यंत जाऊन बघा, आणि तरीही बसत नसेल तर सरळ एकेक पिनकोड निवडून झोनमध्ये टाका.

झोन झाले की मग अपवाद. काही ग्राहक झोनमध्ये बसतच नाहीत, कुणाच्या गेटवर रात्रीच गाडी घेतात, कुणाच्या कारखान्यात ३२ फुटी वळतच नाही, कुणाशी वेगळा करार आहे. त्यांच्यासाठीच ठिकाण ते ठिकाण अशी वेगळी लेन काढा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये अशी नेमकी लेन आधी बघितली जाते आणि ती नसेल तरच झोनच्या लेनकडे जातात, पण हे सेटिंगवर असतं, गृहीत धरू नका, शेवटच्या पत्रात याचीच तक्रार आलीय.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी ठिकाणांची नावं साफ करा, प्लीज. एकाच शहराच्या चार नोंदी असतात, औरंगाबाद, संभाजीनगर, छत्रपती संभाजीनगर आणि कुणीतरी घाईत टाकलेलं ए-बाद. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबादचं नाव बदललं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, ईआरपीत अर्ध्या ग्राहकांचे पत्ते जुने आणि अर्ध्यांचे नवे, मग लेन एका नावावर आणि ऑर्डर दुसऱ्या नावावर. त्यात औरंगाबाद बिहारमध्येही आहे. प्रत्येक ठिकाणाला स्वतःचा एक कोड द्या जो नाव बदललं तरी बदलणार नाही, लेन त्या कोडवर बांधा आणि नाव फक्त दाखवण्यापुरतं ठेवा.

प्रश्न: आमची फर्म पुण्याहून चेन्नईला माल पाठवते आणि ग्राहकाकडून रिकामे बिन आणि ट्रॉल्या परत येतात. सॉफ्टवेअरमध्ये पुणे–चेन्नई लेन काढताना रिव्हर्स लेन बनवायची एक टिक आहे. ती केली की काम झालं का?

उत्तर: टिक केली की ओळ तयार होईल, काम होणार नाही. लेनला दिशा असते. पुणे–चेन्नई आणि चेन्नई–पुणे या दोन वेगळ्या लेन आहेत, कारण भाडं अंतरावर ठरत नाही, त्या बाजूला त्या दिवशी किती माल आणि किती गाड्या आहेत यावर ठरतं. ज्या शहरातून माल जास्त निघतो तिथून भाडं चढं, आणि जिथून ड्रायव्हरला रिकामं यावं लागेल अशी भीती असते तिथून तो कमी भाड्यातही परतीचा माल घेतो. टिक केली की जाण्याचा रेट जसाच्या तसा परतीवर उतरतो आणि तुम्ही विनाकारण जास्त पैसे मोजता, किंवा तो रेट इतका कमी असतो की गाडीच लागत नाही.

तुमच्या बाबतीत अजून एक आहे. परतीचा माल रिकामे बिन, म्हणजे वजन काहीच नाही पण जागा भरपूर खातात. जाताना रेट टनावर असेल तर येताना तो गाडीवर घ्या. आणि त्याच ट्रान्सपोर्टरची तीच गाडी बिन घेऊन परत यावी असं ठरलं असेल तर राउंड ट्रिप म्हणूनच लेन काढा, चेन्नईला किती तास थांबायचं आणि त्यानंतर हॉल्टिंग (जास्त थांबल्याचे पैसे) किती लागणार हे त्यातच लिहा. हॉल्टिंगवरून होणारे वाद बहुतेक वेळा याच्यामुळेच असतात की ते कुठेच लिहिलेलं नसतं.

प्रश्न: मी बुटीबोरीच्या एका कंपनीत लॉजिस्टिक्सला आहे. बुटीबोरी ते भिवंडी लेनवर आमच्याकडे तीन दिवसांचा ट्रान्झिट टाइम होता. समृद्धी पूर्ण झाल्यापासून मॅनेजमेंट म्हणतंय एक दिवस टाका, ट्रान्सपोर्टर दोन म्हणतोय. मी कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, आधी त्या आकड्यात काय काय आहे ते सोडवून घ्या. तुमचा तीन दिवसांचा आकडा बहुतेक कुणीतरी अंदाजाने टाकलेला आहे आणि त्यात गाडी लागणं, लोडिंग, प्रवास, गोदामाच्या गेटवरचं थांबणं आणि मधला रविवार सगळं कालवलेलं आहे. लेनवर फक्त प्रवासाचा वेळ ठेवा. लोडिंग आणि अनलोडिंग त्या त्या ठिकाणाच्या मास्टरमध्ये जातं, आणि सुट्ट्या कॅलेंडरमध्ये, म्हणजे भिवंडीचं गोदाम रविवारी बंद असेल तर ते गोदामाच्या कॅलेंडरला सांगा, लेनला नाही. हे वेगळं केलं की अर्धा वाद तिथेच संपतो.

आता प्रवास. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला, आमणे तर भिवंडी तालुक्यातच आहे, म्हणजे तुमच्या लेनला याच्याइतका फायदा क्वचितच कुणाला झाला असेल. पण एक दिवस म्हणताना मॅनेजमेंट जो आठ तासांचा आकडा धरतंय तो कारचा आहे. ट्रकला वेगमर्यादा ८० ची, आणि भरलेल्या गाडीची थांबे धरून सरासरी ५० आली तरी चौदा तास होतात. हे चौदा तास एकाच ड्रायव्हरने सलग गाडी हाकावी असं सॉफ्टवेअरमध्ये लिहू नका, कृपा करून. सरळसोट काँक्रीटच्या रस्त्यावर झोपेने डोळा लागून काय होतं ते आपण सगळे बातम्यांमध्ये वाचतोय. तुम्ही ट्रान्झिट टाइम म्हणून जो आकडा टाकता त्यावर डिलिव्हरीची तारीख बनते, त्यावर उशिराचा दंड लागतो, आणि तो दंड वाचवायला ड्रायव्हर झोप सोडतो. एक ड्रायव्हर असेल तर मुक्काम धरा, दोन असतील तर कमी वेळाची वेगळी सेवा (त्याच लेनखालचा वेगळा पर्याय) म्हणून तिचा रेट वेगळा ठेवा. ट्रान्सपोर्टर दोन दिवस म्हणतोय ते एका ड्रायव्हरसाठी मला रास्त वाटतं.

जुना अमरावती–अकोला–जळगाव–धुळे मार्ग काढून टाकू नका. समृद्धीचा टोल वेगळा पडतो, प्रत्येक मालाला तेवढी घाई नसते. लेन एकच ठेवा, खाली दोन सेवा, दोघींचे वेळ आणि भाडं वेगळं, टोल भाड्यात मिसळू नका, स्वतंत्र चार्ज ठेवा. आणि सॉफ्टवेअर अंतर कुठल्या नकाशावरून घेतंय ते विचारा, नकाशा जुना असेल तर त्याला समृद्धी माहीतच नसेल.

एक शेवटचं, ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस अशी मुदत मिळते, म्हणजे सातशेच्या वरच्या तुमच्या लेनला चार दिवस. पोर्टल हे अंतर दोन पिनकोडवरून स्वतः काढतं आणि त्यावर फार तर १० टक्के वाढवू देतं. लेनच्या ठिकाणाचा पिनकोड चुकला, म्हणजे कारखान्याऐवजी हेड ऑफिसचा पडला, तर मुदत कमी मिळते आणि गाडी रस्त्यात असताना बिल संपतं. ते वाढवायला मुदत संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास एवढीच खिडकी असते, रात्री त्या वेळी जागं कोण राहणार? त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणाचा पिनकोड आत्ताच तपासून घ्या.

प्रश्न: आमचं केमिकलचं युनिट लोटे परशुरामला आहे. पुण्याला आणि कोल्हापूरकडे माल जातो. पावसाळ्यात घाट बंद होतात तेव्हा आम्ही लेन इनॲक्टिव्ह करतो आणि नंतर परत चालू करायला विसरतो. काही चांगला उपाय?

उत्तर: लेन बंद-चालू करायचीच नाही, तिला तारखा द्यायच्या. प्रत्येक लेनला किंवा तिच्याखालच्या सेवेला लागू तारीख आणि संपण्याची तारीख असते. वरंधा घाट पावसाळ्यात अवजड वाहनांना बंद ठेवतात हे आता जवळपास दरवर्षीचं आहे, मग महाड–भोरवरून जाणारी सेवा जूनच्या सुरुवातीला संपवा, आणि कुंभार्ली घाटातून कऱ्हाडमार्गे नाहीतर पनवेलमार्गे फिरून जाणारी सेवा तेव्हापासून सप्टेंबरअखेरपर्यंत तिच्या खऱ्या अंतरासकट आणि खऱ्या भाड्यासकट टाकून ठेवा. पुढच्या वर्षाच्या तारखाही आत्ताच टाका. कलेक्टरचा आदेश आला की तारीख दोन-चार दिवस मागेपुढे करायची एवढंच काम उरतं.

अचानक होणारं बंद वेगळं. ऑगस्ट २०१९ ला आणि पुन्हा जुलै २०२१ ला कोल्हापूरजवळ पुणे–बंगळूर हायवे पुराच्या पाण्याखाली जाऊन दिवसचे दिवस बंद होता, आणि गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. अशा वेळेसाठी पर्यायी सेवा आधीपासून खालच्या प्राधान्याने ठेवून द्या, म्हणजे वरची थांबवली की सॉफ्टवेअर आपोआप खालची घेईल. त्या पर्यायाचं भाडं ट्रान्सपोर्टरशी उन्हाळ्यातच ठरवा, पाणी चढल्यावर ठरवायला गेलात तर काय भाव लागेल ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि माल केमिकल आहे म्हणून सांगतो, घातक मालाच्या लेन साध्या मालाच्या लेनपासून वेगळ्याच ठेवा. पर्यायी रस्ता निवडताना सॉफ्टवेअर स्वस्त बघतं, तो रस्ता गावाच्या बाजारपेठेतून जातोय का, त्या ट्रान्सपोर्टरच्या ड्रायव्हरकडे घातक माल नेण्याचं लायसन्सवरचं एंडॉर्समेंट आहे का, हे तुम्ही लेनला अट म्हणून लावलं तरच ते बघेल.

प्रश्न: नाशिकहून आम्ही द्राक्षं युरोपला पाठवतो. टीएमएसमध्ये नाशिक–रॉटरडॅम अशी एक लेन केलीय आणि ट्रान्झिट टाइम टाकलाय, पण गाडी कधी बंदरात लवकर पोचून ताटकळते आणि कधी कटऑफ हुकते. लेनमध्ये काय चुकतंय?

उत्तर: ती एक लेन नाहीच, तिचे तुकडे करा. जहाज काही तुमच्या सोयीने निघत नाही, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी निघतं आणि त्याच्या आधी गेट-इनचा कटऑफ, म्हणजे कंटेनर बंदराच्या गेटातून आत घ्यायची शेवटची वेळ, असतो. रस्त्याचा तुकडा कटऑफपासून उलटा मोजायचा, समुद्राचा तुकडा जहाजाच्या शेड्यूलवरून सुलटा. एकाच आकड्यात दोन्ही घातलं की हे गणित करायला सॉफ्टवेअरला जागाच राहत नाही.

रस्त्याचा तुकडा जरा नीट बघा, कारण खरी मेख तिथे आहे. गाडी नाशिकहून निघत नाही! ती आधी न्हावा शेवाजवळच्या यार्डातून रिकामा रीफर (माल थंड ठेवणारा) कंटेनर उचलते, घाट चढून तुमच्या पॅकहाऊसला येते, तिथे प्रीकूलिंग झालेला, म्हणजे आधीच गार केलेला, माल भरतात, आणि मग दोनशे किलोमीटरच्या आसपास उतरून टर्मिनलला जाते, सगळा वेळ शून्य अंशाच्या जवळ तापमान धरून, जनसेट (कंटेनरचा जनरेटर) चालू ठेवून. म्हणजे लेन यार्ड–पॅकहाऊस–टर्मिनल अशी तीन थांब्यांची आहे. नाशिक–बंदर एवढंच टाकलं तर रिकामा कंटेनर वर आणायचे तास कुठेच मोजले जात नाहीत, आणि गाड्यांचा कटऑफ हुकतो तो बहुतेक वेळा तिथेच.

टोकांची पातळीही दोन्ही तुकड्यांना वेगळी लागते. रस्त्याच्या तुकड्याला टर्मिनल लागतं, कारण एकाच न्हावा शेवा बंदरात बीएमसीटी वेगळं, एनएसआयसीटी वेगळं, जीटीआय वेगळं, चुकीच्या गेटवर गेलेली गाडी परत फिरून रांगेत उभी राहते. समुद्राच्या तुकड्याला मात्र बंदर पुरतं, आणि तिथे बंदराचा पाच अक्षरी कोडच वापरा. न्हावा शेवाचा आयएनएनएसए आणि मुंबईचा आयएनबीओएम हे दोन वेगळे कोड आहेत, नावात मुंबई आलं म्हणून कुणीतरी दुसराच टाकतं, तर एवढं बघून घ्या.

राहिला समुद्राचा वेळ. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घातला, युरोपला दीड-दोन आठवडे जास्त लागायला लागले. द्राक्षाला दोन आठवडे म्हणजे काय हे तुम्हाला चांगलंच माहीत आहे, देठ सुकतो, मणी गळतो आणि पोचल्यावर क्लेम येतो. म्हणून सुएझमार्गे आणि केपमार्गे अशा दोन सेवा वेगळ्या ठेवा, शिपिंग कंपनी आणि जहाजाची सेवा धरून, प्रत्येकीला तारखा, आणि जी आज चालू नाही ती संपलेल्या तारखेने राहू द्या, रस्ता उघडला की नवीन तारीख टाकायची. हंगाम सुरू व्हायच्या आधी डिसेंबरातच एकदा सगळ्या कंपन्यांकडून चालू शेड्यूल मागवून हे आकडे ताजे करा. जुन्या आकड्यावर खरेदीदाराला तारीख देणं हा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाशी खेळ आहे.

प्रश्न: मी पुण्यात एका आयटी कंपनीत आहे, अमेरिकन क्लायंटच्या टीएमएसचा सपोर्ट करते. शिकागो–अटलांटासाठी ६०६ ते ३०३ अशी तीन आकडी झिपची (अमेरिकेच्या पिनकोडची) लेन आहे, तरी ऑर्डर इलिनॉय–जॉर्जिया या राज्याच्या लेनवरचा रेट उचलते. नेमकी लेन आधी लागायला हवी ना?

उत्तर: लागायला हवी असं आपल्याला वाटतं, पण काही सॉफ्टवेअर लागू होणारे सगळे रेट गोळा करतं आणि त्यातला स्वस्त निवडतं, लेन किती नेमकी आहे ते बघतच नाही. तुमचा राज्याचा रेट स्वस्त असणार, बहुतेक जुना असल्यामुळे. आधी त्याची संपण्याची तारीख बघा, रिकामी असेल तर तिथेच उत्तर मिळालं. तारीख बरोबर असेल तर झिपला राज्याच्या वर ठेवणारं प्राधान्याचं सेटिंग शोधा. रेट डिलीट मात्र करू नका, क्लायंटला विचारा की तो कशासाठी ठेवलाय, बऱ्याच ठिकाणी तो मुख्य ट्रान्सपोर्टरने नकार दिल्यावर वापरायचा बॅकअप असतो.

त्याच लेनवर ट्रान्झिट टाइमही तपासा. अंतर सातशे मैलांच्या वर आहे आणि तिथे ड्रायव्हरला १४ तासांच्या खिडकीत ११ तासच गाडी चालवता येते, मग सलग १० तासांची विश्रांती लागते, त्यामुळे एका ड्रायव्हरला एका दमात ती लेन होत नाही. शिवाय अटलांटाचं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे आहे, ठिकाणाला टाइमझोन लावला नसेल तर अपॉइंटमेंट रोज तासाभराने हुकलेली दिसेल आणि तुमच्याकडे त्याच्याही तक्रारीचं तिकीट येईल.